कापलेली कड

प्रिय टाचणी,

पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तू म्हणशील, कसला उशीर, आजोबांनी मला आजवर कधी पत्र लिहिलंय? तेही खरंच. पण हे पत्र मी आठ दिवसांपूर्वी सुरू केलंय. पहिल्या कागदावर शाई सांडली. दुसऱ्यावर इतकी खाडाखोड केली की कागदाला भोक पडलं. तिसरा बरा जमला होता, पण त्यात शेवटचं आधी आणि आधीचं शेवटी असं झालं, म्हणून तो फाडला. हा चौथा. आता जसं येईल तसं लिहिणार. तुझ्या वसतिगृहाच्या खोलीचा नंबर तुझ्या बाबांनी मला दोनदा वेगवेगळा सांगितला, म्हणून पाकिटावर मी दोन्ही घातले आहेत. दुसऱ्याच कुणा मुलीच्या हाती पडलं तर तिने ते वाचू नये, आणि वाचलंच तर निदान तुला नेऊन द्यावं, एवढी अक्कल तिला असली म्हणजे झालं.

फोन का नाही केला, असं विचारशील. केला होता. तीनदा. तू दर वेळी 'आजोबा, गुडघा कसा आहे?' असं विचारतेस आणि त्या गुडघ्यावरून गाडी अशी वळवतेस की मूळ गोष्ट राहते बाजूला. गुडघा आहे तिथेच आहे. मला बोलायचंय ते तुझ्या पदकाच्या वहीबद्दल. टाचणी, मला सगळं कळलंय. तुझं पदक माझ्यामुळे अडलं, आणि सात आठवडे तू मला त्याचा वासही लागू दिला नाहीस. कळल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला मी पुठ्ठा उलटा चिकटवला. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.

झालं असं. गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी मी दुपारचा चहा गाळत होतो, तेवढ्यात तुमच्या शाळेच्या खेळाच्या बाई दुकानात आल्या. गळ्यात शिट्टी तशीच. मला वाटलं हजेरीपुस्तकं बांधायला आणली असतील, म्हणून मी टेबलावरची खळीची वाटी बाजूला सरकवली. त्यांनी पिशवीतून एकच वही काढली. गडद हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, पाठीवर तुझ्या नावाची सोनेरी अक्षरं. मी लांबूनच ओळखली. मी खुशीत येऊन म्हणालो, "काय बाई, मिळालं ना पदक पोरीला? मला मेल्याला कुणी सांगितलंच नाही!" बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? वही नामंजूर झालीय."

नामंजूर. कोर्टाच्या फायली बांधताना हा शब्द मी कित्येकदा कापडाखाली झाकला असेल, पण तो कधी माझ्या घरात शिरला नव्हता. गाळणं कपात पडलं. चहा टेबलावरून बाईंच्या बुटांपर्यंत गेला. मी पुसायला वाकलो आणि तिथेच बसून राहिलो, तर बाईंना वाटलं मला चक्कर आली. पाणीबिणी देऊन त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. त्या वहीच्या प्रत्येक पानाला कडेशी ठिपक्यांची एक रेघ होती. रेघेपलीकडे बोटभर पट्टी, आणि पट्टीवर पानाचा छापील नंबर. वही जमा झाली की तपासणारे नंबर जुळवून बघतात. जुळला तर पान खरं. तुझ्या वहीला एकही पट्टी नव्हती. पिना काढलेल्या, दोऱ्याने शिवलेली, मागेपुढे कोरी पानं जास्तीची घातलेली. पदक देणाऱ्या समितीतल्या साहेबांनी शेरा मारला, पानं बदलल्याचा संशय. आणि हे कुणी केलं असं तुला विचारलं, तर तू ताठ मानेने म्हणालीस, "मीच बांधली."

अगं, तू बांधलीस? तुझी शिलाई मला ठाऊक नाही होय? तू डावखुरी. तुझा टाका डावीकडे झुकतो, माझा उजवीकडे. तू गाठ आत घेतेस, मी बाहेर ठेवून हाडाच्या पट्टीने दाबतो. मी बाईंना वहीचा कणा उघडून दाखवला, म्हणालो, "बाई, ही माझी शिलाई आहे. ती कड मी कापलीय. माझ्या या हातांनी." बाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. शाळकरी पोरीच्या हातचं हे काम नव्हे." मग त्या म्हणाल्या की वीस तारखेला समिती पुन्हा बसणार आहे, शेवटचीच. तोपर्यंत दोन कागद मिळाले तर वहीचा पुन्हा विचार होईल. एक, ज्याने वही बांधली त्याचा. दुसरा, तू ज्या म्हाताऱ्याकडे वर्षभर सेवेला जात होतीस त्याचा, चार ओळी, पण त्याच्या स्वतःच्या हातच्या. "आणि तो म्हातारा कोण, ते ही पोरगी सांगायलाच तयार नाही," बाई वैतागून म्हणाल्या. "वहीत नाव नाही, पत्ता नाही. त्यामुळे संशय आणखी वाढला. तुम्हाला माहीत आहे का तो?"

मी म्हणालो, नाही. पण शोधून काढतो.

हसू नकोस. मला खरंच माहीत नव्हतं. तुला आठवतं, पहिल्यांदा तू ती वही घेऊन दुकानात आलीस तेव्हा मी किती प्रश्न विचारले होते? तू सांगितलंस, यात चार खण आहेत. एक कौशल्य, एक व्यायाम, एक सेवा आणि एक प्रवास. प्रत्येकात वर्षभर दर आठवड्याला काहीतरी करायचं, लिहून काढायचं आणि मोठ्या माणसाची सही घ्यायची. फक्त प्रवास शेवटी, दोन दिवसांचा, पाठीवर आपला तंबू आपणच वाहून. मी विचारलं, यात पहिला नंबर कुणाचा? तू म्हणालीस, "आजोबा, यात कुणाला हरवायचं नसतं. आपण होतो तिथून आपल्यालाच जरा पुढे ढकलायचं असतं." मी म्हणालो, कुणी हरलंच नाही तर जिंकलं कोण, आणि पदक कशाचं देतात? तू कपाळाला हात लावलास. व्यायामाला तू पोहणं घेतलंस, तेव्हापासून तुला सर्दी होईल म्हणून माझा जीव टांगणीला. कौशल्याला माझं काम निवडलंस, तेव्हा मी वरवर म्हणालो, दुसरं काही मिळालं नाही का, हा मरत चाललेला धंदा. पण त्या दिवशी तू गेल्यावर मी सगळ्या सुया तेल लावून पुसल्या होत्या.

आणि सेवेला काय, असं विचारलं तर म्हणालीस, "एका म्हाताऱ्या माणसाकडे जाते. एकटे असतात." मी विचारलं, कसे आहेत? "खडूस आहेत. पण आतून बरे आहेत." तेव्हापासून तो म्हातारा माझ्या मनात घर करून बसला. खरं सांगू, मला त्याचा थोडा रागच यायचा. शनिवारची सकाळ तू माझ्याकडे असायचीस, मग त्याच्याकडे कधी जातेस, तुझा अभ्यास कधी होतो? त्याला स्वतःची नातवंडं नाहीत का? एकदा मी तुझ्याजवळ निरोपही दिला होता, म्हणावं पोरीला उन्हाचं बोलवत जाऊ नका. पुन्हा वाटलं, बिचारा एकटा असतो. म्हणून एका शनिवारी तुझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा टाकला, म्हटलं, त्यांना दे, सांग, माझ्या आजोबांनी पाठवलाय. पुढच्या शनिवारी मी विचारलं, आवडली का? तू म्हणालीस, "खूप. विचारत होते, कुठून आणलीस."

बाई गेल्या. वही माझ्यापाशी राहिली. त्या म्हणाल्या होत्या, "चाळून बघा, त्या म्हाताऱ्याचा काही माग लागतो का." त्यांना काय ठाऊक, माझ्या हातून काय होतं आणि काय होत नाही. तुला मात्र ठाऊक होतं. आता मी ते कागदावर लिहितो. टाचणी, मी तिसरीतून शाळा सोडली. अक्षरं ओळखीची होती, पण बाजारात ओळखीची माणसं दिसावीत तशी. एकेकटी भेटली तर रामराम, चारपाच घोळक्याने आली की मला घाम फुटायचा. सही यायची, आकडे यायचे. दुकानात काम करायला तेवढं पुरतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांना आम्ही थोरले म्हणायचो. त्यांचा नियम होता, बांधणाऱ्याने वाचायचं नसतं. लोक विश्वासाने आपली गुपितं आणून देतात, आपण पाठ बघायची, पोट बघायचं नाही. मला तो नियम इतका सोयीचा पडला की मी त्याचं सोनं केलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, हा भाग कितवा आहे बघा ना," मी म्हणायचो, आमच्यात वाचत नाहीत. लोकांना वाटायचं केवढा तत्त्वाचा माणूस! घरी तुझी आजी सगळं वाचून दाखवायची. पाठीवरची अक्षरं जुळवताना शेजारी बसायची आणि बडबडल्यासारखं करून एकेक अक्षर सांगायची, कुणाला वाटावं नवऱ्याशी भांडतेय. ती गेल्यावर मी चष्मा हरवायला लागलो. तुझ्या बाबांनाही हे माहीत नाही. मला वाटायचं, जगात कुणालाच माहीत नाही.

तर ती वही मी समोर घेतली. दुकानाचं अर्धं दार लावलं, चष्मा तू आणलेल्या दोरीला गळ्यातच होता, आणि भिंग घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर मी थिजलो. तिथे जाड ठशात, चौकटीत, माझ्यासारख्यालाही दिसेल असं छापलेलं होतं: 'या वहीची पाने सुटी करू नयेत. कडा कापू नयेत.' मी ते तीनदा वाचलं. दार उघडून बाहेर जाऊन उजेडात वाचलं. अगं, हे पान माझ्या हातून गेलं होतं. मी त्यावर बोट फिरवून कागदाचा पोत बघितला होता, कुठल्या दिशेने वळतो ते बघितलं होतं. सगळं बघितलं, तेवढं वाचलं नाही. आणि तेव्हा मला वाचता येत नव्हतं असंही नाही. येत होतं. तोवर येत होतं! पण पन्नास वर्षांची खोड. पान समोर आलं की डोळे आपोआप कडेला जातात.

आता तो दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. तू तुमच्या त्या दोन दिवसांच्या प्रवासाला निघालीस, आणि वही भिजेल म्हणून माझ्याकडे ठेवून गेलीस. मी बघितलं, वर्षभराची तुझी मेहनत दोन गंजक्या पिनांवर लोंबत होती. मधली पानं निखळायला आली होती. मला राहवेना. म्हटलं, पोरगी दमून येईल, तिला आश्चर्याचा धक्का देऊ. ठेवणीतलं हिरवं कापड काढलं. दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. शेवटी कड बघितली तर ठिपक्याठिपक्यांची, उंदराने कुरतडल्यासारखी. पट्टीवरचे नंबर दिसले, पण वाटलं, छापखान्याचे असतील. वही कापायच्या यंत्रात धरली आणि एका दाबात साफ केली. किती सरळ कड आली म्हणून माझीच मला शाबासकी दिली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे लोक बोलतात तेव्हा मी मान डोलावतो. ते इतकं अंगावर येतं हे माहीत नव्हतं.

तू आलीस ती बूट हातात धरून, टाचा सोललेल्या, केसांत गवताची काडी. मी वही तुझ्या हातात दिली. तू बोट कडेवरून फिरवलंस. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.  मला वाटलं, माझं काम निरखतेयस. मग तू विचारलंस, "आजोबा, कापलेले तुकडे कुठेत?" आणि मी काय म्हणालो? "रद्दीवाला सकाळीच घेऊन गेला, दुकान कसं लख्ख केलंय बघ!" तू हसलीस. माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "किती सुंदर झालीय." टाचणी, त्या क्षणी तुला सगळं कळलं होतं. आणि तू मला आणखी एक कप चहा करून दिलास. सोळा वर्षांच्या पोरीच्या अंगात हे कुठून आलं? मी त्या संध्याकाळी शेजारच्या शिंप्याला सांगत होतो, बघ, माझ्या कामाने पोरगी कशी भारावली!

पुढे सेवेचा खण आला. मी त्या म्हाताऱ्याचा पत्ता शोधत होतो, म्हणून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पहिल्या आठवड्याचं तू लिहिलंयस, 'त्यांना वाचायला त्रास होतो, पण ते तसं म्हणत नाहीत. त्यांचा चष्मा हरवतो. आज तो कपाळावर होता.' मला वाटलं, बघा, माझ्यासारखाच आहे हा. मनात आलं, भेटला तर सांगू, बाबा रे, दोरी लाव. चौथ्या आठवड्याला, 'मी माझे हात खळीत घातले आणि म्हटलं, हे जरा वाचून दाखवा, माझे हात भरलेत.' तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. म्हटलं, त्याच्याकडेही खळ? हल्ली घरोघरी बांधणीकाम चालतं की काय! मग अकरावा आठवडा. तो मी जसाच्या तसा उतरवून काढतो. 'आज त्यांनी एका एकट्या म्हाताऱ्यासाठी माझ्याजवळ बिस्किटं दिली. कुणाला द्यावीत ते कळेना. शेवटी चहाबरोबर त्यांनाच दिली. म्हणाले, छान आहेत, कुठून आणलीस?'

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती खुर्चीत बसल्या बसल्या सरकली. मी उठलो, पुन्हा बसलो. भिंग पुसलं. पुन्हा वाचलं. बिस्किटं तीच. मी तडक शेजारी शिंप्याकडे गेलो, कारण सेवेच्या प्रत्येक पानावर खाली त्याची सही होती. मी वही त्याच्या यंत्रावर आपटली. म्हणालो, "तुला वर्षभर माहीत होतं?" त्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या, एकेक करून, मुद्दाम सावकाश. म्हणाला, "काका, आधी बसा. पोरीने मला शपथ घातली होती." ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो माणूस वर्षभर गप्प! त्या खेळाच्या बाई त्यालाही विचारून गेल्या होत्या, तर म्हणे, "मी सांगितलं, आठवत नाही." मी ओरडलो, "तुझ्या न आठवण्याने पोरगी खोटी ठरली!" तर तो म्हणतो, "आणि आठवलं असतं तर तुम्ही उघडे पडला असता. तिने काय निवडलं ते तिला विचारा. मी फक्त बटणं लावतो."

खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय कुणाकडून सेवा करून घेण्याइतका लाचार झालो? मी तुला शिकवत होतो, निदान मला तसं वाटत होतं. सुई कशी धरायची, दोऱ्याला मेण किती लावायचं, घडी कुठे दाबायची. आणि त्याच टेबलावर, त्याच तासाला, पोरगी मला शिकवतेय! आता एकेक आठवतं. रद्दीतल्या जुन्या मासिकांची पानं तू अस्तराला म्हणून काढायचीस आणि मध्येच थांबायचीस. "आजोबा, यात काय लिहिलंय बघा ना." ती एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट आठवते? अर्धीच होती. तिची पुढची पानं शोधायला मी तीन पोती रद्दी उपसली होती, आणि शेवटी सापडली तेव्हा तू आलेली नसतानाही मी ती एकटाच वाचून काढली होती. तू आल्यावर विचारलंस, "मग, मेला का तो?" आणि मी म्हणालो, "नाही, बायको परत येते." तू उगाचच खिडकी पुसायला लागलीस. मला काय माहीत का! पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं असलं की नेमके तुझे हात ओले. मला वाटायचं, पोरगी जरा आळशी आहे. तुझ्या आईला सांगणारही होतो.

राग कसा गेला तेही सांगतो. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा वही उघडून धुसफुसत वाचत होतो, हे काय लिहिलंय, ते काय लिहिलंय, पान उलटत होतो, आणि एकदम लक्षात आलं की भिंग टेबलावर पडलंय, बोट ओळीवर नाही, आणि मी चार पानं सलग वाचून गेलोय. रागाच्या भरात. मला तुझा राग आला तोच मुळी वाचता आल्यामुळे. तू शिकवलं नसतंस तर वही आजही माझ्यासाठी नुसतं हिरवं कापड असती. मी एकटाच दुकानात मोठ्याने हसलो. शेवटच्या पानावर छापील प्रश्न आहे, 'या सेवेतून तुम्ही काय शिकलात?' खाली दहा ओळींची जागा. तू एकच ओळ भरलीयस आणि त्याखाली अर्धी. 'थांबायला शिकले. माणूस शब्दापाशी अडला की आपण शब्द सांगायचा नाही, थांबायचं.'

म्हणजे ते थांबणं होतं. मला वाटायचं, तुझं लक्ष नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. त्या दिवशी जाता जाता बाई दारात थांबून म्हणाल्या होत्या की वही नामंजूर झाली तेव्हाच त्यांनी तुला सुचवलं होतं, त्या गृहस्थांकडून चार ओळी लिहून आण, सगळं मिटेल. तू म्हणालीस, "नको. त्यांना विचारू नका." बाईंना वाटलं, पोरगी काहीतरी लपवतेय. लपवतच होतीस, पण स्वतःचं नाही, माझं. चार ओळी मागायच्या म्हणजे मला कळणार, समितीला कळणार, गावाला कळणार की या म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. म्हणून तू पदक सोडलंस, वर खोटेपणाचा शिक्का घेतलास आणि इतक्या लांब शिकायला निघून गेलीस. बाळ, माझी अब्रू इतकी महाग नाही. तो म्हातारा सापडला, असं बाईंना सांगायचंय. हेच पत्र मी पुन्हा एकदा उतरवून काढणार आहे, ते समितीसाठी. चार ओळी मागितल्या होत्या, जरा जास्त झाल्या. ते साहेब म्हणतील दुसऱ्याकडून लिहून घेतलं, तर वीस तारखेला मी स्वतः येतो, सुई, दोरा आणि चष्मा घेऊन. त्यांनी सांगावं ते त्यांच्यासमोर वाचतो, लिहितो, आणि माझा टाका कुणीकडे झुकतो तेही शिवून दाखवतो. पण तुझ्या तोंडून हो आल्याशिवाय ते पाकीट बाईंना देणार नाही, कारण हे गुपित आता माझं एकट्याचं राहिलेलं नाही, तू ते सांभाळलंयस. तारीख जवळ आलीय, मला झोप लागत नाही, टपालाचा काही भरवसा नाही. तेव्हा हे हातात पडल्या पडल्या उत्तर पाठव. दोनच ओळी पुरेत. बाबांना फोन करून निरोप देऊ नकोस, फोनवर गुडघा काढू नकोस. लिहून पाठव, टाचणी. मी वाचीन.

तुझाच,
खडूस पण आतून बरा,
आजोबा